रकाना अकरावा

ऊरिन हेसरू? केळोंडे.
मनेगळू एष्टु? घरं एकवीस, त्यातली सहा बंद.
साहेब कन्नडात विचारतो, मी मराठीत सांगतो,
कागद दोघांचंही इंग्रजीत ऐकतो.
दहा रकाने भरेपर्यंत चहावर साय धरली.
अकरावा : गावाचा इतिहास.
जागा दोन बोटं.

कुठनं आलात तेवढं लिही, म्हणतो,
उठवायचं गाव म्हटलं की फायलीला लागतं.

कुठनं आलो?
मिठाच्या बैलांमागनं, असं सांगतात.
गोव्याच्या आगरातलं मीठ घाट चढायचं,
इकडचं भात उतरायचं,
आणि एकदा माथ्यावर एक बैल बसला
तो उठला नाही.
त्याच्यासाठी खोळंबलेली माणसं म्हणजे आम्ही.
माणसांची नावं गेली. बैलाचं राहिलं,
चांदण्याचा खडक.
आता तिथं उभं राहिलं की फोनला एक काडी रेंज येते,
वारं फिरलं तर गोव्याची.

मग कुमरी.
डोंगर जाळायचा, राखेत नाचणी फेकायची,
तीन वर्षांनी पुढचा डोंगर.
गोऱ्या साहेबानं ती मोडली
आणि जांभ्यात एक दगड पुरून गेला,
त्यावर आकडा : त्रेसष्ट.
बासष्टावा कुठं आहे कुणी पाहिला नाही.
त्रेसष्टावर बायका कोयत्यांना धार लावतात,
मधोमध खळगा पडलाय,
श्रावणात त्यात बेडकी अंडी घालते.

कारवीचं लिहू?
सात पावसाळे गप्प असते, आठव्याला अख्खा उतार निळा,
मधमाश्यांना घर सापडेना होतं.
मग ती वाळते, आणि तिच्याच काठ्यांचे आम्ही कूड घालतो,
वरनं शेण-माती.
जानू लांबोर बारा कारव्यांचा आहे.
दाखल्यावर त्याचा जन्म एक जूनचा,
माझाही एक जूनचा,
मास्तरानं सगळं गाव एकाच दिवशी जन्माला घातलं.

की सटूप्पाच्या घराचं लिहू?
त्याचं आढं बरोबर डोंगराच्या पाठीवर आहे.
पुढच्या पागोळ्या मलप्रभेला जातात,
मागच्या म्हादईला.
सुना भांडल्या की एक पुढच्या दारी हंडा लावते, एक मागच्या.
पाण्याला काही कळत नाही,
दोन समुद्रांना जायचं असतं त्याला,
ते जातं.

साहेब घड्याळ बघतो.
साकवावर पाणी यायच्या आत त्याला जीपपाशी पोचायचंय.
गुहेतली वटवाघळं निघाली,
धुरासारखी एक लांब रेघ,
आमच्याकडं दिवा लावायची वेळ.

घरामागं किती लाख ते पाचव्या रकान्यात आहे.
खाली मैदानात प्लॉट, नळ, दवाखाना,
पोरीला शाळेची बस.
खोटं कशाला सांगू,
पाचवा रकाना मी दोनदा वाचला.

मग अकराव्यात लिहिलं :
बैल उठला नाही.

साहेबानं कागद डोळ्यांजवळ नेला.
मराठी वाचता येतं त्याला,
आज सकाळपासनं आलं नव्हतं.
मला वाटलं, खोडणार.
त्यानं पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं.
एत्तु याव बण्णा? बैल कुठल्या रंगाचा?

कपाळावर पांढरा ठिपका, तेवढं नावातच आहे.
बाकीचा बैल...

बसा साहेब.
जानूला विचारून येतो.