मुद्देमाल क्रमांक एक

न्खाटा बेच्या कोर्टात मला ‘युअर वर्शिप’ म्हणतात.
वर्शिप.
सोमवार ते शुक्रवार हा शब्द माझा,
रविवारी ज्याचा त्याला परत.
चौदा वर्षं झाली, तरी
कुणी तसं म्हटलं की मान किंचित मागे वळते,
कुणाला म्हणाले ते बघायला.

त्या दिवशी टेबलावर मच्छरदाण्या होत्या,
आरोग्य खात्याच्या, निळ्या,
सात, एकमेकींना शिवलेल्या.
शिपायाने ओल्याच आणल्या.
बंदीचे दिवस, बोटभरही नसलेले मासे,
चहा गाळावा तसं सरोवर गाळलेलं.
कोर्टभर वास.
कारकून म्फात्सो खिडक्या उघडत सुटला.

आरोपी सुझ्गो लाँग्वे.
आमच्या भाषेत सुझ्गो म्हणजे हाल.
बाळंतपण जड गेलं की असं नाव ठेवतं कुणी कुणी.
गुन्हा कबूल?
कबूल, वर्शिप. मुलं पाच, वर्शिप.
मग रात्री डास चावत नाहीत त्यांना?
हे विचारणं माझं काम नव्हतं.
चावतात, म्हणाला. पण आधी भूक चावते.

आता खरं सांगते.
त्याने पहिल्यांदा ज्यांना हाक मारली
ते याच धंद्यातले, याच वासाचे.
काठावरून जाता जाता म्हणाला, चला,
आणि जाळी तिथेच टाकून ते निघाले.
त्यांच्या जाळ्यांची भोकं कुणी मोजली नव्हती.
मी मोजते. माझ्याकडे पट्टी आहे,
सरकारी, मिलिमीटरची.

आमच्या पाद्रीसाहेबांची एक गोष्ट ठरलेली,
वर्षातून दोनदा तरी:
न्यायाधीश शिक्षा सुनावतो,
मग झगा उतरवून खाली येतो
आणि दंड स्वतःच्या खिशातून भरतो.
लोक डोळे पुसतात.
मीही पुसायचे, मॅजिस्ट्रेट होईपर्यंत.
त्या दिवशी माझ्या पर्समध्ये पैसे होते,
वेझीची सहामाही फी, मोजून.
आणि बाहेर व्हरांड्यात अजून अकरा जण,
निळ्या जाळ्यांचेच.

आणि सरोवर? त्याच्या बाजूने कोण उभं राहणार?
पुढच्या साली उसिपा मिळालाच नाही तर
पाच नाही, पाचशे पोरं...
इथवर आले की माझाच आवाज
मला सरकारी वकिलासारखा ऐकू येतो.
गप्प बसते.

दंड, नाहीतर चार महिने.
दंडाला पैसे नव्हते.
लिहिताना पेन अडखळलं नाही.
हे मी प्रार्थनेत दोनदा सांगितलंय,
की अडखळलं नाही.

डोंगरावरचं ते वाक्य,
दुसऱ्याला तोलण्याबद्दलचं,
माझ्या बायबलात त्या पानाला दुमड आहे.
मी ते जरा लवकर उलटते.

रविवारी उशीर झाला.
एकच जागा उरली होती, तिसऱ्या बाकावर,
ताओंगाच्या शेजारी. सुझ्गोची बायको.
बाजारात मला न्यामुंथाली म्हणून हाक मारायची,
मापावर मूठभर मासे जास्त घालायची.
आता ती सरकली.
जागा द्यायला की अंतर ठेवायला,
सांगता येत नाही.

प्रभुभोजनाचं तबक आमच्याकडे
बाकावरून हातोहात येतं,
अंगठ्याएवढे पेले, पाणी घातलेला द्राक्षरस.
तिने आपला उचलला, प्याली,
तबक माझ्याकडे वळवलं
आणि सोडेना.
एक कड तिच्या हातात, एक माझ्या,
पेले एकमेकांवर किणकिणत राहिले.
तिच्या बोटांना तोच वास,
मुद्देमालाचा.

‘तुरुंगात डास फार आहेत म्हणे,’
समोर बघत ती म्हणाली.
‘एक मच्छरदाणी आहे अजून घरी. न शिवलेली.
आत नेऊ देतील का?’

अर्ज करावा लागतो, मी म्हटलं.
मग म्हटलं, मी लिहून देते.
तेव्हा तिने तबक सोडलं.