मुसरादाचा पाय

"झाडाचो पांय खंय?" कायतानने विचारलं,
आणि मला प्रश्न कळायला वेळ लागला.

मुसराद सरळ मातीत शिरला होता,
विजेचा खांब शिरतो तसा.
शेंड्याची पानं लहान, पिवळट,
दोन वर्षं मोहर नाही.
मी दोष देत होतो बोरीच्या पुलावरल्या धुळीला,
शेजारच्या बोअरवेलला,
कुणाच्या तरी नजरेला.

चिरे मीच आणले होते.
सुलक्षाच्या लग्नात माणसांना बसायला गोल कट्टा हवा,
म्हणून तीन टेम्पो लाल माती ओतली बुंध्याशी,
कमरेएवढी. वर क्रोटन लावले.
फोटोत फार छान दिसतं सगळं.

पहिल्या दिवशी फावडं.
दुसऱ्या दिवशी ते बाजूला ठेवून करवंटी, मग नुसते हात.
"सालीला लागता कामा नये,"
हे त्याने मुद्दाम मराठीत बजावलं,
मी मास्तर होतो म्हणून.

मातीतून निघालं: प्लास्टिकचा पेला,
झेंडूच्या माळेची तार, कुणाच्या तरी पैंजणाचं घुंगरू.
आणि वास, शिळ्या पेजेचा.
साल काळी, ओली, बोट लावलं तर दबणारी.
मी हात मागे घेतला.
त्याने नाही घेतला.

एक मूळ गळ्याभोवती फिरलेलं,
झाडाचं स्वतःचंच,
भरावात हवा शोधत वर आलेलं
आणि वाट न मिळून तिथेच वेढा घालून बसलेलं.
पटाशीने त्याने ते दोन ठिकाणी तोडलं,
मधला तुकडा माझ्या हातात दिला.
जड होता.

"जखमेला डांबर लावू?"
"वारो लाय."

चौथ्या दिवशी हिरांच्या केरसुणीने झाडता झाडता
बुंधा रुंदावायला लागला,
आधी उगवतीकडे, मग विहिरीकडे,
आणि जुनी जमीन लागली,
आई जिच्यावर भिरंडं वाळत घालायची.

मस्कतहून सुलक्षाचा फोन.
"कट्टा मोडला?" इतकंच म्हणाली.
हो म्हटलं.
मग बराच वेळ तिच्याकडचा एसी ऐकू येत राहिला.

मावळतीची साल मेलेलीच आहे.
कायतान म्हणतो, दोन पावसाळे थांब, मग विचार.
एक गेला.
खालच्या एका फांदीवर तांब्याच्या रंगाची
सात पानं आली. मोजली मी.
बाकी कुठे नाही.

चिरे विहिरीपाशी रचलेत.
येणारे विचारतात, बसायचं कुठे?
मी खुर्ची आणतो, जरा लांब ठेवतो,
आणि बोलता बोलता
झाडाच्या पायाशी साचलेला पाचोळा
हाताने ओढून बाजूला करतो.