मुल्त्यांची जागा

हार्मेन आणि विट्स्क दर ऑगस्टला येतात.
गाडीच्या टपावर दोन सायकली,
इथल्या चढांवर चालवायच्या कमी, ढकलायच्या जास्त.
डिकीत खारट काळ्या गोळ्या, पावावर पेरायचं चॉकलेट,
आणि चीज कापायचं स्वतःचं पातं,
जसं काही आमच्याकडे ते नसतंच.

पहिल्याच वर्षी मी त्यांना सगळं दाखवलं होतं.
ओढ्याचं पाणी, न उकळता प्यायचं.
लाकडी संडास, दार सताड उघडं टाकून बसायचं,
कारण समोर डोंगर असतो आणि डोंगराला कसली लाज.
दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा,
ओस्टाइनची उंची, माझी उंची,
आणि एका वर्षी कुत्र्याची.
आणि घराची वही: निघण्याआधी प्रत्येकानं लिहायचं,
हवा कशी, वारा कुठला, मासे किती.
भांडलं कोण, ते लिहायचं नाही.

एकच गोष्ट दाखवली नव्हती.
मुल्ते कुठे पिकतात ती.

दलदलीतलं फळ. एका देठाला एकच.
कच्चं असताना लालबुंद,
पिकलं की फिकट केशरी, मऊ.
आधी लाजतं, मग त्याला सवय होते.

वडिलांनी ती जागा आईलाही सांगितली नव्हती.
आईची वेगळी होती, माहेरकडून आलेली,
तीही सांगायची नाही.
चाळीस वर्षं संसार केला दोघांनी,
एकाच पातेल्यात मुरांबा शिजवला,
पण बादल्या यायच्या दोन वेगळ्या वाटांनी.
आईची जागा आईबरोबर गेली.
वडिलांनी मला नवव्या वर्षी नेलं,
मुद्दाम उलट्या दिशेनं निघून, टेकाडाला वळसा घालून,
शेजारच्या गुन्नुल्फला ताकास तूर लागू नये म्हणून.

आता ओस्टाइननं दोन्ही गुडघे बदलून घेतलेत.
मला मूल नाही.
यंदा मंगळवारी सकाळी विट्स्क कॉफीची किटली विसळत होती,
मी म्हटलं, बूट घाला.

उलट्या दिशेनं निघालो.
टेकाडाला वळसा घातला.
गुन्नुल्फ जाऊन बारा वर्षं झालीत, तरी.

दलदलीच्या काठावर हार्मेन थांबला,
टाच दाबून पाहिली, पाणी वर येईपर्यंत.
अजून ओली आहे, म्हणाला,
आजाऱ्याचा ताप उतरला सांगावं तसं.
त्यांचं गाव समुद्राहून दोन मीटर खाली.
पणजोबांनी पाणी उपसलं, गाई चारल्या,
आणि जमीन कोरडी पडून खचत गेली.
घर खांबांवर उभं, आहे तिथेच.
दर काही वर्षांनी दारापुढे
खालच्या अंगाला एक पायरी जोडावी लागते.
मी पाचवी बांधली, तो म्हणाला,
आणि खूप वेळ टाच उचललीच नाही.

जूनमधल्या हिमानं फुलं जाळली होती.
तासभर वाकून शोधलं.
अकरा.
तीन पिढ्यांनी पोटात ठेवलेलं गुपित
आणि त्यात अकरा फळं; मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
विट्स्कनं ती मोजली, बँकेत नोकरी केलेल्या बोटांनी,
तिघांना तीन-तीन दिली.
उरलेली दोन देठांवरच राहिली.
कुणासाठी, ते कुणी विचारलं नाही.

परत येताना कुणी फारसं बोललं नाही.
रात्री मी वाफल केले, वर तपकिरी चीज,
त्याच्या पात्यानं कापलेलं.
खरंच बरं कापतं ते. मी कबूल केलं नाही.

शनिवारी ते गेल्यावर वही उघडली.
हार्मेनचं अक्षर, त्याचं मोडकंतोडकं नॉर्वेजियन:
मंगळवार. दाट धुकं. कुठेही गेलो नाही.

मंगळवारी लख्ख ऊन होतं.
दरीपलीकडचा बर्फाचा तुकडासुद्धा दिसत होता.

मग मी उभ्या उभ्याच मागची पानं उलटत गेले.
वडिलांचं अक्षर, ऑगस्ट, धुकं.
पुढचा ऑगस्ट, धुकं.
मला तर ते सगळे उन्हाळे उघडे आठवतात.
आणि मधूनच, वेगळ्या तारखांना,
बारीक, उजवीकडे कललेल्या अक्षरात,
आईचंही धुकं.