डाव्या हाताला

भागिनाथ खिल्लारेचा पुतण्या दारात उभा.
पिशवीत स्वेटर, स्वेटरात बाटली,
बाटलीला रबरानं बांधलेली चिठ्ठी.
"काकांनी दिली. बाईंच्याच हातात दे म्हणाले."
चहाला थांबला नाही. चाळीसगावची एसटी लागली होती.

बाटली जड, भरल्या तांब्यापेक्षा जड,
बुडाशी अंगठा मावेल एवढा खळगा.
लेबलवर डोंगराची एक रेघ, खाली आकडा:
चौदाशे पन्नास मीटर.
एकतीस वर्षं फळ्यावर उंच्या लिहिल्या मी,
एकही अशी घरी चालत आली नव्हती.

उघडायचं हत्यार कन्नडमध्ये कुणाकडे असणार?
शेजारच्या रज्जाक मिस्त्रींनी बिजागरीचा स्क्रू
बुचात फिरवला, पक्कड लावली,
आणि जुन्या चौकटीतला खिळा उपसावा
तसं बूच उपसलं.
ते पीत नाहीत. विचारायचाही प्रश्न नाही.
पण बूच नाकाशी नेलं नि थबकले.
"बाई, यात लाकूड आहे."
पिंपाचं असेल, मी म्हटलं.
"सागवान नाही. बाभूळ तर नाहीच.
थंड मुलखातलं आहे, सावकाश वाढलेलं."
आणि बूच खिशात टाकून निघाले.

दार लावून मी फुलपात्रात ओतली.
रंग, जांभळीखाली सायकल लावली
की सीटवर पडतो तो, न जाणारा.
पहिला घोट जिभेवर बसला,
आडदांड मामा बसतो तसा,
खाट करकरवत, अंगापिंडानं भरलेला.
मग सगळं तोंड आवळून आलं,
डाळिंबाची साल चावल्यासारखं.
आणि फार उशिरा, अगदी मागे कुठंतरी
ओल्या पाटीचा वास.

वर जावं तशी हवा थंड होते,
हजार मीटरला साडेसहा अंश.
एवढं मी शिकवलं.
पण तिथं ऊन जवळून चावतं,
रात्र पडली की गारठा,
म्हणून द्राक्ष आपली साल जाड करून घेतं
आणि सगळा रंग त्या सालीतच असतो,
हे पुस्तकात नव्हतं.
हे चिठ्ठीत आहे.

अक्षर ओळखलं मी. हातही ओळखते.
सातवी ब, दक्षिण अमेरिकेचा कोरा नकाशा,
आणि ह्यानं अँडीज काढलेला उजवीकडे,
ब्राझीलच्या कडेनं, समुद्रात पाय सोडून.
मी नकाशाची काठी उचलली.
त्यानं डावा हात पुढे केला,
उजव्यानं अजून लिहायचं होतं.
"बाई, गौताळ्यावर चढलं तर दिसतो का अँडीज?"
हे त्यानं आधी विचारलं की नंतर, आठवत नाही.
वर्ग हसला, ते आठवतं.
मीही.

मग दहावी सोडून तो छाटणीच्या टोळीत गेला,
कडवंचीला, नाशकाला, पुढं कुठं कुठं.
चिठ्ठीच्या शेवटी लिहितो:
"सकाळी उत्तरेला तोंड करून ओळीत शिरलो
की पर्वत डाव्या हाताला असतो.
रोज तपासतो, बाई. तुमचं बरोबर होतं."
एवढंच. हाताबद्दल दुसरं काही नाही.
मी कागद उलटूनही पाहिला.

दुसरं फुलपात्र घेऊन गच्चीवर गेले.
मार्चातली रात्र, कठड्याचा दगड अजून कोमट.
घाटाकडे, उत्तरेला तोंड करून उभी राहिले.
डाव्या हाताला गौताळा होता,
काळा, बुटका, आकडा नसलेला.
मी फुलपात्र त्या हातात घेतलं
आणि बराच वेळ तळवा गार होऊ दिला.

सकाळी रज्जाक मिस्त्री आले,
बुचातलं स्क्रूचं भोक मेणानं बुजवून,
वर बोटात धरायला लाकडाची गोटी बसवून.
"बाटलीत काही उरलं असेल तर."
उरलं होतं.