पोत्याचं तोंड

हत्तुरे सर रात्रीच्या कॉलेजात
खडू मोडत मोडत लिहायचे:
सोडिअम तेवीस, दोनदा. कार्बन बारा.
ऑक्सिजन सोळा, तीनदा.
एकशे सहा. झालं?
झालं सर, आम्ही सगळे.
कसं झालं? पाणी कोण धरणार, तुमचा मामा?

धुण्याच्या सोड्याच्या खड्यात
एका रेणूमागे दहा रेणू पाणी बसलेलं असतं,
हात लावला तर कोरडं.
अठरा दाहे एकशे ऐंशी.
एकूण दोनशे शहाऐंशी.
मला हसू आलं.
अर्ध्याहून जास्त पाणीच की,
आणि दुकानदार पैसे सोड्याचे घेतो.

त्याच वर्षी मे महिन्यात
अक्कलकोट रोडला, बोल्लींच्या डाइंगमध्ये
नायनाच्या हातून टॉवेलांचा एक लॉट बिघडला.
मोरपंखी रंग, डाग डाग बसला,
साडेचारशे टॉवेल.
माप चुकलं तुझं, लचमय्या.
माप काट्यावर केलं शेठ, तुमच्यासमोर.
मग काय काटा खोटा?
काटा खरा होता.
पगारातून सहाशे गेले.

रात्री भाकरी मोडताना
नायना तेलुगूत एवढंच बोलला:
पोतं उचललं तेव्हा हलकं लागलं होतं.
अम्मा विड्या वळत होती,
सुपातून मान वर न काढता म्हणाली,
तेव्हाच बोलायचं.
काय बोलायचं? हलकं लागलं म्हणून?

दुसऱ्या दिवशी मी डबा द्यायला गेले.
पोतं पत्र्याखाली, होळीपासून तोंड उघडं.
आत खडे नव्हतेच. भुकटी,
फुंकलं तर उडेल अशी.
चव्वेचाळीस डिग्रीचं ऊन
दहातले नऊ रेणू घेऊन गेलं होतं
कुणाला न विचारता.
एक मागे राहिलं होतं.
ते का राहिलं, मला माहीत नाही,
पुस्तकात तेवढंच होतं: एक राहतं.
एकशे सहा अधिक अठरा.
एकशे चोवीस.

टॉवेलच्या लेबलामागे भागाकार केला.
किलोला किलो तोललेलं,
आणि हौदात सोडा पडला दुपटीहून जास्त.
नायना खरा, काटाही खरा,
पोत्यावर छापलेलं नाव तेवढं
जुनं झालं होतं.

शेठनी लेबल उलटसुलट पाहिलं.
कितवीला आहेस?
अकरावी.
बरं, म्हणाले, आणि पोऱ्याला हाक मारली,
पोत्याचं तोंड बांध रे सुतळीनं.
सहाशेचं नाव काढलं नाही.

संध्याकाळी नायना सायकल हातात धरून
अशोक चौकापर्यंत माझ्यासोबत चालला.
नखांत मोरपंखी तसाच.
एक पाणी किती म्हणालीस?
अठरा.
अठरा काय, ग्रॅम?
नाही नायना, फार लहान असतं ते,
कुठल्याच काट्यावर येत नाही.
तो थोडा थांबला, चेन बसवली.
मला तर उचलताच कळलं,
म्हणाला.