फक्त हातांनी

सिएम रीपच्या पुढे, डांबर संपतं त्याच्याही पुढे
मी पोकलेन चालवतो.
तासाला बारा डॉलर, डिझेल त्यांचं.

त्यांचं म्हणजे राथा आणि वेस्नाचं.
सख्खे भाऊ. पूर्वी सीमेपलीकडे, थायलंडात
उसाच्या मोळ्या बांधायचे.
आता उघडे, अनवाणी, कमरेला क्रामा गुंडाळून
बांबूच्या काठीने जमीन टोकरतात
आणि कॅमेरा त्यांच्या घामापाशी
वाकून बसतो, आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसा.

चार काठ्या मारून झाल्या की राथा हात वर करतो.
कॅमेरा बंद.
मग मी येतो ताडांच्या मागून, खडखडत,
आणि दुपारच्या जेवणाआधी
दोन मजली पोहण्याचा तलाव खणून मोकळा.
घसरगुंडीला जागा सोडायची. मधे बेट.
बेटावर मगरीचा मातीचा जबडा, त्यातून पाणी.
पाणी टँकरचं.

नंतर केरसुणी घेऊन
माझ्याच पट्ट्यांचे ठसे झाडायचे, तेही मीच.
एकदा एक राहिला.
अकराव्या मिनिटाला, डावीकडे खाली,
भाताला तळाशी करप लागावी एवढाच.
कुठकुठल्या देशांतल्या लोकांनी तो हुडकून काढला.
खोटारडे, म्हणाले,
आणि खात्री करायला पुन्हा पाहिला, पुन्हा पाहिला.
त्या महिन्याइतके पैसे कधीच आले नव्हते.
राथाने मला बिअर पाजली. म्हणाला,
"एखादा ठसा राहू देत जा, दादा."

पैसे नॉम पेनहून येतात, अर्धे होऊन.
चॅनल तिथल्या एकाच्या नावावर आहे,
त्याने यातला एकही तलाव पाहिलेला नाही
म्हणजे पाहिलाय, आपण सगळे पाहतो तसा.

चान्नी, माझी मुलगी, नऊ वर्षांची.
फोन घेऊन आली: "बाबा, यात तू कुठे आहेस?"
मी दाखवलं. "हे बघ, इथे वेस्ना काठी मारतो.
आणि इथे तलाव तयार.
या दोन्हींच्या मधे मी आहे."
तिने बोटाने व्हिडिओ मागे नेला, पुढे आणला,
मागे, पुढे.
"इथे तर काहीच नाहीये," म्हणाली.

चित्रीकरण संपलं की तलाव कुणाचाच नसतो.
आठ दिवसांत पाणी हिरवं,
मगरीचा जबडा गळून पडतो, डास पोसले जातात.
पाचव्या तलावात सारेतबाईची म्हैस पडली.
पोटाखालून पट्टे घालून मी ती उचलली, अर्धा तास,
पैसे घेतले नाहीत.
वेस्ना फोन उंच धरून धावत आला.
म्हैस अधांतरी, चार पाय हवेत, डोळे पांढरे.
चाळीस लाख लोकांनी पाहिली.
दुसऱ्या दिवशी राथा सारेतबाईच्या दारात,
म्हशीचं दिवसाचं भाडं विचारत.
ती काय म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही.
मी मात्र तेव्हा काहीच बोललो नाही.
डिझेल त्यांचं होतं.

मग शाळेचे मास्तर आले, थुओन मास्तर.
मुलींच्या संडासाला खड्डा हवा होता.
जागा फणसांच्या मधोमध, पोकलेन आत जाईना.
फणस तोडू देईनात.
मी फावडं घेतलं.

पहिल्या दिवशी गुडघाभर.
दुसऱ्या दिवशी मुरूम लागला, फावडं ठणठण परत यायचं.
तळहातांवर फोड आले, फुटले, त्यांवर पुन्हा आले.
वीस वर्षं माती उपसली
पण तिचा वास इतक्या जवळून घेतला नव्हता,
ओल्या गोणपाटाचा आणि थोडा लोखंडाचा.
मास्तरांनी उकडलेलं कणीस दिलं. तीच मजुरी.

शाळा सुटल्यावर चान्नी काठावर येऊन बसली,
पाय आत सोडून.
बराच वेळ बघत होती.
एक घमेलं. दुसरं. पाणी प्यायलो. तिसरं.
शेवटी कंटाळून म्हणाली,
"बाबा, हे पुढे ढकलता येत नाही का?"

अजून छातीभर बाकी होता.