दुसरा वाटा

हनान प्रांतातल्या त्या गावात पहाटे साडेचारला
शा ग्वेलान तिळाच्या भाकऱ्यांची भट्टी पेटवते,
साडेनऊला विझवते,
आणि हातांचं पीठ कमरेच्या फडक्याला पुसत
गल्लीच्या टोकाला, बायकांच्या मशिदीत येते.
वय एकोणसत्तर. इयत्ता पहिली.

खोलीत कोळशाची शेगडी, सात बाया, आठ चष्मे,
एक कुणाचा तरी विसरलेला.
फळ्यापाशी दिंग आहोंग, शिकवणारी,
वयानं ग्वेलानच्या सुनेएवढी.
छडीऐवजी पेन्सिल घेऊन
कुणाची जीभ कुठे टेकते ते वाकून बघते.
"आ करा. अजून. ही टाळू. इथे. र."
"ल," म्हणते ग्वेलान.
"र."
"ल."
शेगडीवरची किटलीसुद्धा हिच्यापेक्षा बरा र काढते.

आपल्या ळ पाशी पाहुण्याची जीभ
कशी उंबरठ्यावर ठेचकाळते, आठवा.
तसंच.

तिच्या वहीत आयती आहेत, चिनी अक्षरांत धरून ठेवलेल्या.
आवाजापुरतं एकेक अक्षर उसनं आणलेलं,
पण अक्षरं आपला अर्थ घरी ठेवून येत नाहीत.
वाचायला जावं तर ओळीत
आधी बळ, मग डोळा, मध्येच एक लाकूड,
आणि ज्याचं नाव घ्यायचं तो दयाळू सापडतच नाही.
"वही मिटा," दिंग म्हणते, "कानानं शिका."

कानात मात्र आधीपासून कुणी राहतं.
ज्या वर्षांत किताबा पिठाच्या रांजणात लपल्या
आणि मग रांजणही फुटले,
तेव्हा आई कणकेचे दोर ताणता ताणता
ओठ न हलवता म्हणायची सात ओळी.
मुलीनं त्या गळ्याच्या हालचालीवरून उचलल्या,
रात्री रजईखाली, कानाला तोंड लावून, जुळवून घेतल्या.
आईचा र, ल होता.
तिच्या आईचाही असणार.
घर गेलं, दागिना गेला,
एवढं बोबडेपण तेवढं वारशात आलं.

ते आता दुरुस्त करायचं
म्हणजे आईला खोडायचं का,
हे ग्वेलान विचारत नाही.
नुसती गप्प होते
आणि दोन दिवस येत नाही.

तिसऱ्या दिवशी दिंग भट्टीपुढच्या रांगेत उभी.
पुढे एक रिक्षावाला, मागे शाळेची पोरं.
नंबर आल्यावर म्हणते,
"जे सराईत वाचतात ते फरिश्त्यांच्या पंगतीला.
जे अडखळत, धापा टाकत वाचतात
त्यांना दोन वाटे.
एक वाचल्याचा, एक कष्टाचा.
सांगून ठेवलंय आपल्यात. पाच भाकऱ्या द्या."

ग्वेलान भाकऱ्या मोजते.
चाळीस वर्षं सुट्ट्या पैशांचा हिशेब केलेली बाई,
दोन वाटे म्हटल्यावर तिचा हात थांबतो.
सहा बांधते.
सहाव्या भाकरीचे पैसे घेत नाही.

त्यानंतर अकरा महिने
गल्लीनं भट्टीशेजारी र ऐकला,
आधी लाटण्याखाली घरंगळणारा,
मग लोखंडी झाकणासारखा,
मग एके पहाटे, भाकरी उलटताना, चुकून, नेमका.
ती इतकी दचकली की भाकरी करपली.

आईच्या वर्षदिनी ती एकटीच गेली.
गव्हाच्या शेतात मातीचा उंचवटा,
नाव नसलेला, पण तिला पाठ.
सात ओळी म्हटल्या.
पहिला र सुटला. दुसराही.
पुढे एका ठिकाणी ल झाला,
सवयीनं की मुद्दाम, तिलाच ठाऊक.
तिथे ती थांबली, परत मागे गेली नाही.

"पहिला वाटा मी ठेवते," तिनं मातीला सांगितलं,
"दुसरा तुझा. कष्ट तुझेच जास्त.
मला निदान मोठ्यानं चुकता येतं."

मग भट्टीची आठवण झाली.
हात टेकून उठताना गुडघा करकरला,
स्वच्छ.